ऊन, दूध आणि गर्भारपणाचा हिशेब

रविवार हा जोतिबाचा वार. माघ महिन्यात कोल्हापूर आणि आसपासच्या गावांतली माणसे पाच रविवार खेटे घालतात. पहाटे घर सोडायचे, वडणगे, निगवे, कुशिरे अशी गावे मागे टाकत गायमुखाच्या वाटेने डोंगर चढायचा आणि गुलालाने माखून दुपारच्या उन्हातून परत फिरायचे. वाडी रत्नागिरीचा हा डोंगर समुद्रसपाटीपासून तीन हजार फुटांच्या वर. देवाच्या नावातच ज्योत आहे आणि वार सूर्याचा आहे. खाली करवीरात अंबाबाईच्या देवळात नोव्हेंबरात आणि जानेवारीच्या अखेरीस मावळतीचे किरण थेट देवीच्या मूर्तीपर्यंत पोचतात, ते पाहायला शहर लोटते. सूर्याचा इतका सोस असलेल्या या मुलखात, सूर्याने फुकट द्यायची एक वस्तू गर्भार बाईच्या रक्तात कमी पडते असे कोणी म्हटले, तर ऐकणारा हसेल.

पण हसण्यावारी नेण्यासारखे हे प्रकरण नाही. २००५ साली लखनौच्या डॉक्टरांनी शहरातल्या आणि खेड्यातल्या मिळून दोनशेवर गर्भवती स्त्रियांचे रक्त तपासले, तेव्हा शंभरातल्या चौऱ्याऐंशींमध्ये ‘ड’ जीवनसत्त्व कमी निघाले. विशेष म्हणजे शहर आणि खेडे यांत फरक जवळजवळ नव्हता. आयांच्या रक्तात कमी, म्हणून नाळेतल्या रक्तातही कमी. लखनौ उत्तरेकडचे, तिथे थंडीत सूर्य कलतो, हे खरे. पण पुणे तर आपलेच ना? तिथे डॉ. अनुराधा खाडिलकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गरीब घरांतल्या किशोरवयीन मुली तपासल्या. तिथेही तेच चित्र. आज शाळेत जाणारी ही मुलगी उद्या बाळंतपणाला माहेरी यायची आहे.

ऊन अंगणात असणे आणि अंगावर असणे यांत अंतर आहे. ‘ड’ जीवनसत्त्व आपल्या कातडीत तयार होते ते सूर्यप्रकाशातल्या अतिनील किरणांच्या एका अरुंद पट्ट्यामुळे. हे किरण सकाळ-संध्याकाळच्या तिरप्या उन्हात फारसे पोचतच नाहीत. आपली सावली आपल्या उंचीपेक्षा लहान पडते, त्या वेळेला ते मिळतात. खिडकीच्या काचेतून ते आत येत नाहीत. धूर आणि धूळ त्यांना अडवतात. दिल्लीत गजबजलेल्या मोरी गेटजवळची तान्ही मुले आणि त्या काळी मोकळ्या असलेल्या गुडगावची मुले यांची तुलना २००२ साली प्रसिद्ध झाली, त्यात हे स्वच्छ दिसले. सावळ्या कातडीला गोरीपेक्षा जास्त वेळ लागतो. आणि आपली बाई शेतात दिवसभर राबली तरी डोक्यावर पदर, अंगात लांब बाह्यांचे पोलके किंवा नवऱ्याचा जुना सदरा, पायघोळ लुगडे. उन्हाला दिसतात ते चेहरा आणि मनगटे. जून ते सप्टेंबर पन्हाळा-जोतिबाच्या डोंगरांवर सूर्याचे दर्शनच आठवडेच्या आठवडे होत नाही. त्यात भाद्रपदात बाळंत होणारी बाई शेवटचे तीन महिने ढगाखालीच काढते.

मी तीसेक वर्षे बँकेत काढली, त्यामुळे शरीराचा हा व्यवहार मला खातेवहीच्या भाषेतच कळतो. माणसाच्या अंगात सुमारे एक किलो कॅल्शियम असते. त्यातले शंभरातले नव्याण्णव हिस्से हाडांत आणि दातांत, म्हणजे मुदत ठेवीत. उरलेला एक हिस्सा रक्तात आणि पेशींत, हे चालू खाते. या चालू खात्यात ठरलेल्या रकमेपेक्षा कमी-जास्त झालेले शरीराला अजिबात चालत नाही, कारण हृदयाचे ठोके आणि स्नायूंच्या हालचाली त्यावर चालतात. गळ्यात, थायरॉइडच्या मागे, धान्याच्या दाण्याएवढ्या चार ग्रंथी असतात. रक्तातली शिल्लक घसरली की त्या हाडांतली ठेव मोडायला सांगतात. अन्नातून येणारे कॅल्शियम म्हणजे भरणा करायला आणलेला धनादेश. तो वटवण्याचे काम ‘ड’ जीवनसत्त्वाचे. ते पुरेसे असेल तर अन्नातले तीस-चाळीस टक्के कॅल्शियम आतड्यातून रक्तात जाते, नसेल तर दहा-पंधरा टक्के. उलटही होते. खाण्यात कॅल्शियम फारच कमी असेल तर अंगातले ‘ड’ जीवनसत्त्व लवकर खर्ची पडते. दोन्ही खाती अशी एकमेकांत अडकलेली आहेत. एकाचा विचार सोडून दुसऱ्याची गोळी घेणे म्हणजे धनादेशाशिवाय पावती फाडणे.

गर्भ नऊ महिन्यांत आईकडून सुमारे तीस ग्रॅम कॅल्शियम घेतो. सोनाराच्या भाषेत अडीच तोळे. त्यातला बहुतेक भाग शेवटच्या तीन महिन्यांत जातो. निसर्ग याची तयारी करतो. गरोदरपणी आईचे आतडे अन्नातले कॅल्शियम जवळपास दुपटीने शोषू लागते. बाळ अंगावर पिऊ लागले की पुन्हा रोज दोन-तीनशे मिलिग्रॅम दुधावाटे जाते, तेव्हा आईची हाडे काही टक्क्यांनी विरळ होतात आणि दूध सुटल्यावर बहुधा भरून येतात. म्हणजे कर्ज फिटते. मात्र ते फिटायला ताटात काहीतरी पडावे लागते आणि दोन बाळंतपणांत श्वास घ्यायला उसंत लागते.

या विषयाचा एक धागा थेट महाराष्ट्रात जातो, हे फार थोड्यांना ठाऊक आहे. १९२२ साली नाशिकच्या निरीक्षणांवर हचिसन आणि शाह या दोन डॉक्टरांनी मुडदुसाच्या कारणांवर एक प्रबंध प्रसिद्ध केला. मुडदूस म्हणजे मुलांची हाडे मऊ राहून वाकणे. युरोपात तेव्हा वाद पेटला होता : हा रोग उपासमारीचा की अंधाराचा? नाशिकला त्यांना दिसले ते उलटेच होते. हातावर पोट असलेल्या, रुक्षसुके खाऊन उन्हात राबणाऱ्या कुटुंबांत मुडदूस औषधालाही सापडेना. तो सापडला पडदा पाळणाऱ्या सधन हिंदू आणि मुसलमान घरांत, जिथे खायला तुटवडा नव्हता, पण मुलगी वयात यायच्या सुमाराला वाड्याच्या आत जात होती आणि तिचे तान्हे मूलही माजघरातच वाढत होते. त्याच वर्षी अमेरिकेत मॅक्कॉलम यांनी कॉडलिव्हर तेलातला मुडदूस बरा करणारा घटक वेगळा ओळखला. पुढे त्याचे ‘ड’ असे नाव रूढ झाले.

मुडदुसाचा आणि बाळंतपणाचा संबंध काय, असे कोणी विचारील. संबंध जीवघेणा होता. लहानपणी किंवा वयात येताना हाडे मऊ राहिली की कमरेच्या हाडांचे कडे दबते, चपटे होते. बाई वरून धडधाकट दिसते, पण मूल बाहेर पडायची वाट अरुंद झालेली असते. कारखान्यांच्या धुरात बुडालेल्या ग्लासगो शहरात अशा बायका इतक्या होत्या की १८८८ मध्ये डॉ. मरडॉक कॅमेरॉन यांनी तिथे पोट फाडून मूल काढण्याची शस्त्रक्रिया यशस्वी केली, ती मुडदुसाने खुजी राहिलेल्या स्त्रीवरच. काश्मीरमध्ये काम केलेल्या डॉ. कॅथलीन व्हॉन यांनी १९२८ साली पडदा आणि मातृत्व यांवर पुस्तकच लिहिले. श्रीनगरच्या गल्ल्यांत कोंडलेल्या बायका बाळंतपणात अडतात आणि दल सरोवरात नावा वल्हवणाऱ्या सहज सुटतात, हे त्यांनी दाखवले.

आता तो पडदा राहिला नाही आणि अडलेल्या बाळंतिणीला शस्त्रक्रियेचा आधार आहे. त्यामुळे हाडांची कहाणी नजरेआड गेली. पण अंधाराच्या खोलीची सवय आपण पुरती मोडलेली नाही. वारा लागू नये म्हणून दारे-खिडक्या लावायच्या, कानाला फडके, बाजेखाली शेगडी, सव्वा महिना उंबरा ओलांडायचा नाही. यातला विश्रांतीचा भाग शहाणपणाचा आहे. सुनेला कामातून सुटका मिळण्याचे दुसरे निमित्त आपल्या समाजाने ठेवले नव्हते. खाण्यातही जुन्या बायका हुशार. डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, खसखस, खारीक, तीळ, नाचणीची आंबील आणि जेवणावर चुना लावलेले पान. चुना हे कॅल्शियमच. (तंबाखू त्यात कोणी घालू नये, एवढे इथेच सांगून टाकतो.) एकच गोष्ट विचित्र होती. ही सगळी खातिरदारी बाळंतपण झाल्यावर. पोटात मूल अडीच तोळे मागत असते तेव्हा ती बाई सगळ्यांच्या शेवटी जेवते आणि खरवडलेल्या पातेल्यातले खाते.

हे मी पुस्तकात वाचून लिहीत नाही. १९८० नंतरच्या दशकात एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रमाखाली म्हशीची कर्जे वाटण्याचे काम आमच्यासारख्या शेती अधिकाऱ्यांकडे असे. म्हैस घ्यायची, दूध गावच्या संस्थेला घालायचे, संस्थेने दुधाच्या बिलातून हप्ता कापून बँकेला पाठवायचा. कागदावर इतकी देखणी योजना दुसरी नव्हती आणि वसुलीही चांगली व्हायची. कर्जाची म्हैस जागेवर आहे की विकली, हे पाहायला मी गावोगाव जाई. पन्हाळ्याच्या बाजूच्या एका गावात सातव्या महिन्यातली सून पहाटे धार काढून किटली डोक्यावर घेऊन संस्थेत निघालेली. मला चहा आला तो दुधाचा, तिच्या हातातल्या कपात कोरा. मी सहज म्हटले, हिला थोडे दूध देत जा. सासरा मोकळेपणाने हसला. ‘‘दूध आनि प्यायाचं? डेरीला घालायचं की सायेब. तुमचा हप्ता कुठनं द्यायचा?’’ तो माणूस दुष्ट नव्हता. सुनेच्या बाळंतपणाला त्यानेच पुढे जीप करून शहरात नेले असेल. पण दूध हा त्याच्या लेखी आता पैसा होता, आणि पैसा कोणी पीत नाही.

कोल्हापूर जिल्ह्यात १९६३ साली ‘गोकुळ’ची स्थापना झाली, पन्हाळा तालुक्यातच वारणानगर उभे राहिले. सहकाराने या भागातल्या छोट्या शेतकऱ्याच्या हातात दर दहा दिवसांनी रोख रक्कम ठेवली, मुले शिकली, घरांवर कौले जाऊन स्लॅब आले. हे उपकार नाकारणारा कृतघ्न म्हणावा. तालमीतला पैलवान आणि कट्ट्यावरचे धारोष्ण दूध ही शहराची शान आहे. पण ज्या घरात दूध निघते त्या घरातल्या गर्भार बाईच्या पेल्यात ते किती पडते, हे कोणत्याही अहवालाच्या रकान्यात येत नाही. तीच गत नाचणीची. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या वर कॅल्शियम असते, गहू-तांदळाच्या कितीतरी पट. पन्हाळा, शाहूवाडी, राधानगरी, गगनबावड्याच्या वरकस जमिनींतले हे गरिबाचे धान्य. ऊस आला, रेशनचा गहू-तांदूळ आला, आणि नाचणीची भाकरी पाहुण्यासमोर ठेवायची लाज वाटू लागली. २०२३ हे भरडधान्यांचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून साजरे झाले आणि तीच नाचणी पुण्यामुंबईच्या दुकानांत चकचकीत पुडक्यांतून विकायला बसली.

खाण्याचा खरोखर उपयोग होतो का? पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या गर्भवतींचा दीर्घ अभ्यास केला, तो जगभर गाजला. आपल्याकडची मुले जन्मतः सरासरी पावणेतीन किलोच्या आतबाहेर, इंग्लंडच्या साउदॅम्प्टनमधली साडेतीन किलोची. या शेतकरी बायकांपैकी ज्यांच्या जेवणात गरोदरपणी दूध, पालेभाज्या, फळे वरचेवर होती त्यांची बाळे अंगाने मोठी निघाली. मुले सहा वर्षांची झाल्यावर त्यांची हाडे मोजली गेली. दूध, डाळी, पालेभाज्या असे कॅल्शियम देणारे पदार्थ गरोदरपणी जास्त वेळा खाल्लेल्या आयांच्या मुलांची हाडे जास्त भरीव होती. आईच्या पेल्यातले दूध सहा वर्षांनी मुलाच्या कण्यात मोजता आले, असे मी याचे मराठी करीन.

कॅल्शियमचा दुसरा उपयोग हाडांशी नाही, आणि तो जास्त तातडीचा आहे. गरोदरपणाच्या उत्तरार्धात काही स्त्रियांचा रक्तदाब एकदम चढतो, लघवीतून प्रथिने जाऊ लागतात, डोळ्यांपुढे अंधारी येते आणि वेळीच आवरले नाही तर झटके येतात. याला प्रीएक्लाम्पसिया म्हणतात. आपल्याकडच्या मातामृत्यूंच्या मोठ्या कारणांत तो मोडतो. ग्वाटेमालातल्या माया जमातीच्या स्त्रिया गरीब, पण त्यांच्यात हे झटके फार कमी. त्या मका चुन्याच्या पाण्यात शिजवून भाकरी करतात, हे बेलिझान आणि व्हियार या संशोधकांनी १९८० साली लक्षात आणून दिले. आपल्या पानाचा चुना आणि त्यांच्या मक्याचा चुना एकच. त्यानंतर कित्येक चाचण्या झाल्या आणि जिथे खाण्यात कॅल्शियम कमी आहे तिथे गर्भवतीला रोज दीड ते दोन ग्रॅम द्यावे, असे जागतिक आरोग्य संघटनेने सांगितले. आपल्या सरकारने २०१४ मध्ये एक ग्रॅमवर समाधान मानले. पाचशे मिलिग्रॅम कॅल्शियम आणि अडीचशे युनिट ‘ड’ अशी एक गोळी, दिवसातून दोनदा, चौदाव्या आठवड्यापासून बाळंतपणापर्यंत आणि पुढे सहा महिने.

जुनी खोड म्हणून मी बेरीज केली. चौदा ते चाळीस आठवडे म्हणजे १८२ दिवस, गोळ्या ३६४. नंतरच्या सहा महिन्यांच्या ३६०. लोहाच्या गोळ्या आधी १८० आणि नंतर १८०. हजाराच्या वर गोळ्या झाल्या. शिवाय कॅल्शियमची गोळी उपाशी पोटी घ्यायची नाही, आणि लोहाच्या गोळीबरोबर तर नाहीच, कारण दोन्ही एकमेकींच्या शोषणात आडव्या येतात. पहाटे धार काढून, भांगलणीला जाऊन, संध्याकाळी चूल पेटवणाऱ्या बाईने हे वेळापत्रक कसे पाळावे? गोळ्या वाटल्याची नोंद आशाताईंच्या वहीत होते. पोटात गेल्याची नोंद कोण ठेवणार?

म्हणून जानेवारी २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीला मी फार मोल देतो. बंगळूरच्या सेंट जॉन्स संशोधन संस्थेने अकरा हजार गर्भवतींना दोन गटांत वाटले. एकीला रोज दीड ग्रॅम कॅल्शियम, दुसरीला फक्त अर्धा ग्रॅम. टांझानियात तितक्याच स्त्रियांवर हेच झाले. बंगळूरला प्रीएक्लाम्पसिया अर्ध्या ग्रॅमच्या गटात ३ टक्के आणि दीड ग्रॅमच्या गटात ३.६ टक्के. म्हणजे रोजची एक गोळी तीन गोळ्यांहून कमी पडली नाही. एक गोळी वाटायला सोपी, घ्यायला सोपी, लोहापासून लांब ठेवायलाही सोपी. दोन गोळ्यांचा नियम कागदावर शाबूत ठेवून एकही पोटात न जाण्यापेक्षा, दुपारच्या जेवणानंतर एक नक्की, हा नियम मला व्यवहाराचा वाटतो. तो सरकारने तपासून ठरवावा. वाचक भगिनींनी मात्र माझ्या लेखावरून गोळ्या कमी करू नयेत, डॉक्टरांना विचारावे.

शहरातल्या सुशिक्षित घरांत उलटे दुखणे आहे. तिथे गर्भार मुलीची ‘व्हिटॅमिन डी’ची तपासणी पहिल्याच महिन्यात होते, आकडा लाल अक्षरांत येतो आणि घर हवालदिल होते. हा आकडा किती असावा, यावर जगातल्या तज्ज्ञांचेच एकमत नाही. अमेरिकेतल्या एंडोक्राइन सोसायटीने २०११ साली तीसची रेघ मारली होती, २०२४ साली ती स्वतःच पुसली आणि निरोगी माणसाने सरसकट तपासणी करू नये असे सांगितले. गर्भवतीला तपासणीशिवाय बेताच्या प्रमाणात ‘ड’ द्यावे, हा तिचा कल. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये सगळ्या गर्भवतींना सरसकट ‘ड’ देण्याची शिफारस केली नाही. साउदॅम्प्टनच्या २०१६ च्या चाचणीतही रोज हजार युनिट घेणाऱ्या आयांच्या बाळांची हाडे एकूणात अधिक भरीव निघाली नाहीत. हिवाळ्यात जन्मलेल्यांत तेवढा फायदा दिसला. म्हणजे जिथे खड्डा आहे तिथेच भर पडते. साठ हजार युनिटांची जी पुडी आठवड्याने घ्यायला सांगतात ती रोज घेणारीही माणसे असतात. ‘ड’ अंगात साठून राहते, रक्तातले कॅल्शियम चढते, उलट्या होतात, मूत्रपिंडावर येते. तपासणीच्या एका पावतीत साध्या गोळ्या महिनोन्‌महिने येतील.

बाळाबद्दल एक सांगायचे राहिले. आपल्याकडे तेल लावून तान्ह्याला सकाळच्या कोवळ्या उन्हात धरतात. ते पाहायला गोड आहे, बाळाला ऊबही मिळते, पण कोवळ्या उन्हात ते विशिष्ट किरण जवळपास नसतातच. दुपारच्या उन्हात तान्हे मूल धरू नये. आईच्या दुधात बाकी सारे असते, ‘ड’ मात्र फार थोडे. म्हणून वर्षभर रोज चारशे युनिटांचे थेंब द्या, असे बालरोगतज्ज्ञ सांगतात. ज्या आईच्या अंगातच नसते तिच्या बाळाला कधी जन्मानंतर काही दिवसांत किंवा आठवड्यांत झटके येतात, ते रक्तातले कॅल्शियम उतरल्यामुळे. घरच्यांना ती बाहेरची बाधा वाटते. मोठ्या बाईने मात्र ऊन भरपूर घ्यावे. दहा-अकराच्या पुढे, पदर खांद्यावर, हात कोपरांपर्यंत उघडे, वीस-तीस मिनिटे, आठवड्यातून चार-पाच दिवस. आपल्या अक्षांशावर पावसाळा सोडला तर वर्षभर हे जमते. त्यासाठी गर्भारपणी डोंगर चढायची गरज नाही, परसदार पुरे.

दुधाचा प्रश्न माझ्या मनातून जात नाही. रोजच्या गरजेचे कॅल्शियम एक हजार मिलिग्रॅम धरतात. अर्धा लिटर दुधात सहाशे मिळते. वर नाचणीची एक-दीड भाकरी, पालेभाजी, चमचाभर तीळ, की हिशेब जुळत येतो. गोळी मग विमा म्हणून. सभासदाच्या घरी गर्भार बाई असेल तर शेवटचे सहा महिने रोज अर्धा लिटर दूध घरीच ठेवायचे आणि त्याची भरपाई दिवाळीच्या फरकबिलातून संस्थेने करायची, असे एखाद्या गावच्या दूध संस्थेने ठरवले तर किती दूध लागेल? नव्वद लिटर. सहा लिटर देणाऱ्या म्हशीचे पंधरा दिवसांचे दूध. गावात वर्षाला पंधरा-वीस बाळंतपणे. एवढ्या कर्जाला मी तारणसुद्धा मागितले नसते.